पाणी आलं तरी मोसंबी का वाळतेय? झाडाच्या पेवात काय शिल्लक आहे ते आधी बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि खरं सांगतो, पोटात कालवलं, कारण हे मी स्वतः भोगलेलं आहे. थोडक्यात तुमचं म्हणणं असं, की २०२३ ला पाऊस कमी झाला, २०२४ चा उन्हाळा टँकरवर काढला, ३०० झाडं हिरवी ठेवली, जूनमध्ये पाऊस पडल्यावर बाग मस्त फुटली, मग आंबे बहार, म्हणजे मोसंबीचा थंडीनंतरचा फुलोरा, धरला, फळं लगडली, माल विकला, आणि आता विहीर तुडुंब असताना चाळीसेक झाडं शेंड्याकडून वाळत चाललीत. दुष्काळात नाही मेली ती पाण्यात कशी मरायलीत, आणि अजून किती पाणी द्यायचं, हा तुमचा प्रश्न.

पाणी अजून देऊ नका, आधी तेवढं थांबवा. झाड तहानेनं मरतं हे आपल्याला माहितीय, पण झाड उपाशीसुद्धा मरतं, आणि उपासमार लगेच दिसत नाही, ती वर्ष-दीड वर्षानं बाहेर येते. तुमचं लक्षण मला त्यातलं वाटतंय. सव्वीस वर्षं झाली मला अंबड, घनसावंगी, बदनापूर भागातल्या बागा फिरून, २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातली मोसंबी डोळ्यादेखत सरपण होताना बघितली, आणि त्यातली बरीच झाडं दुष्काळात नाही तर पाऊस पडल्यावर गेली.

आता हे होतं कसं ते नीट सांगतो, जरा लांबेल पण समजून घ्या.

झाडाचं जेवण म्हणजे साखर. पान उन्हात साखर बनवतं, ती सालीच्या आतल्या बाजूनं खाली फांदीला, खोडाला, मुळाला जाते. लगेच लागत नाही ती झाड पिठाच्या रूपात साठवून ठेवतं, शाळेत पिष्टमय पदार्थ शिकलो ना, तेच पीठ. लाकडात, फांदीत, पण मोसंबीत खास करून मुळात. आपल्याकडं पूर्वी वाड्यात ज्वारीचं पेव असायचं, जमिनीत खड्डा, आत कडबा लावून ज्वारी भरायची आणि वरून लिंपून टाकायचं. माझ्या आजीच्या घरी होतं. सुगीला भरायचं आणि अडचणीच्या साली उघडायचं. झाडाचं मूळ म्हणजे ते पेव समजा. आणि हा साठा एका हंगामाचा नसतो बरं का, अमेरिकेत मेपलच्या खोडातल्या साखरेचं वय काढलंय, १९५०-६० च्या दशकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत जो वेगळा कार्बन मिसळला त्याच्या खुणेवरून, तर ती साखर सरासरी दहाएक वर्षं जुनी निघाली. म्हणजे झाड आज जे खातंय ते कधीकाळी चांगल्या पावसात कमवलेलं असू शकतं.

दुष्काळ पडला की झाड पहिलं काम काय करतं, तर पानाची बारीक भोकं मिटून घेतं, पाणी वाचवायला. पण त्याच भोकातून हवा आत येते, आणि हवेशिवाय साखर बनत नाही. म्हणजे पाणी वाचवायचं तर चूल बंद ठेवायची, असा सौदा आहे. चूल बंद, पण घरातली माणसं जेवायची थांबतात का? झाडाची प्रत्येक जिवंत पेशी रात्रंदिवस श्वास घेते आणि त्याला साखर जळते. त्यात आपला मे महिना, दिवसा ४२-४३ अंश आणि रात्रीसुद्धा सव्वीस-सत्तावीसच्या खाली उतरत नाही. वीस अंशाला जेवढी साखर जळते त्याच्या साधारण दुप्पट तीस अंशाला जळते. कमाई शून्यावर आणि खर्च दुप्पट, असे तीन-चार महिने काढायचे.

इथं एक गंमतीची गोष्ट आहे आणि ती मोसंबीवाल्याला आधीच ठाऊक असते, फक्त तिचं कारण ठाऊक नसतं. आपण आंबे बहारासाठी डिसेंबरात बाग ताणावर सोडतो, म्हणजे मुद्दाम छोटा दुष्काळच करतो की. मग त्यानं झाड मरायच्या ऐवजी फुलतं कसं? कारण पाणी कमी पडलं की सगळ्यात आधी वाढ थांबते, नवती म्हणजे नवी पालवी निघत नाही, पण पान अजून थोडं थोडं कमवत असतं. कमाई चालू आणि खर्च बंद, त्यामुळे साखर साठत जाते. कर्ब-नत्र गुणोत्तर म्हणून सल्लागार लोक जे सांगतात ते हेच. त्या साठ्याला डिसेंबर-जानेवारीची थंडी आणि ताण यांची जोड मिळाली की झाड फुलावर येतं. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिने, चार आणे पानं गळली की पाणी सोडायचं. इथपर्यंत दुष्काळ झाडाचं पेव भरतो. पण हाच ताण लांबला, उन्हाळ्यात गेला, भोकं पूर्ण मिटली, की गाडी उलटी फिरते आणि पेव उपसायला सुरुवात होते. चाळीस दिवसाचा ताण आणि सात महिन्याचा दुष्काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी दर मीटिंगमध्ये सांगतो, कारण "आमची बाग ताण सोसते हो" म्हणून बेफिकीर राहिलेले लोक मी बघितलेत.

आता साखरेचं दुसरं काम ऐका, हे फार कमी लोकांना माहीत असतं. साखर नुसती खायला नसते, पाणी धरून ठेवायलाही असते. पावसाळ्यात गुळाची ढेप पाघळते आणि शेजारी ठेवलेलं पीठ तसंच कोरडं राहतं, बघितलंय ना? किंवा साखरआंब्याला कैरीच्या फोडींना साखर चोळून ठेवली की तासाभरात पाणी सुटतं. विरघळलेली साखर पाणी ओढते, पीठ ओढत नाही. झाड हेच वापरतं. माती कोरडी पडायला लागली की साठवलेलं पीठ फोडून त्याची साखर करतं, पेशीतला रस घट्ट करतं, त्या रसाच्या जोरावर पान तग धरून राहतं आणि कोरड्या मातीतून अजून दोन घोट ओढता येतात. म्हणजे दुष्काळात एकाच साखरेवर दोन दावे, एक पोटाचा आणि एक पाण्याचा. जी साखर पाणी धरायला अडकलीय ती झाड सहज खाऊ शकत नाही, खाल्ली तर पान सुकतं. म्हणून पेवात थोडं दिसत असलं तरी सगळं मोकळं नसतं, बियाण्याची ज्वारी असते तशी, उपाशी राहिलं तरी तिला हात लावत नाहीत.

मलेशियातल्या बोर्निओमध्ये एक प्रयोग झाला होता, २०१४ ला छापून आला, दहा जातींची जंगली रोपं घेतली, सावली-उजेड कमी-जास्त करून काहींच्या अंगात साखर जास्त साठू दिली, काहींच्या कमी, आणि मग सगळ्यांचं पाणी तोडलं. साठा जास्त असलेली रोपं जास्त दिवस जगली आणि त्यांच्या खोडात पाणीही जास्त टिकलं. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण दुष्काळाची तयारी पाण्याच्या टाकीत जितकी असते तितकीच आधीच्या वर्षीच्या पानात असते हे त्यातून दिसतं.

तिसरा खर्च रोग-किडीचा. साल जखमी झाली की झाड डिंक सोडतं, जखम भरतं, कडू-तुरट औषधं बनवतं, ती सगळी साखरेपासूनच. पेव रिकामं झालं की पहारा उठतो. म्हणून दुष्काळानंतरच्या सालात साल खाणारी अळी आणि खोडकिडा जास्त का दिसतो, तर अळ्या वाढतात ते एक, पण झाडाकडे लढायला काही उरलेलं नसतं हे दुसरं.

आता प्रामाणिकपणे एक सांगितलं पाहिजे. दुष्काळात झाड नेमकं उपासमारीनं मरतं का पाण्याच्या नळ्या तुटून मरतं, यावर शास्त्रज्ञांत बरीच वर्षं वाद चालू आहे. लाकडात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, ताण फार वाढला की त्यात हवेचा बुडबुडा शिरतो, जसा ठिबकच्या लॅटरलमध्ये हवा अडकते तसा, आणि ती नळी बाद होते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये पाइनची झाडं आणि ज्युनिपर शेजारी शेजारी असताना पाइन मोठ्या प्रमाणात मेली आणि ज्युनिपर बरीचशी तगली, पाइन लवकर भोकं मिटतं म्हणून ते उपाशी मरत असावं, असा विचार २००८ मध्ये पुढं आला. मग २०१७ ला २६ जातींचे अभ्यास एकत्र करून बघितले तर मरणाऱ्या सगळ्या जातींत नळ्या बाद झालेल्या दिसल्या, आणि साखर संपलेली मात्र काहींतच दिसली, सूचिपर्णी झाडांत जास्त. म्हणजे ऐन दुष्काळातलं मरण बहुतेक तहानेचंच. मी त्याला विरोध करत नाही. पण ज्या झाडाला टँकरनं जेमतेम जगवलंय ते तहानेतून वाचतं आणि पेव उपसून उभं राहतं, त्याचं पुढं काय होतं हा वेगळा प्रश्न आहे, आणि तुमचा प्रश्न तोच आहे.

माझ्या मामांची बाग अंबड तालुक्यात होती, रंगपूर लिंबावरची कलमं, बारा वर्षाची झाडं. २०१३ च्या उन्हाळ्यात त्यांनी म्हशी विकून टँकर घातले. जूनमध्ये पाऊस झाला, सगळ्या घराचा जीव भांड्यात पडला आणि मी, शिकलेला भाचा, त्यांना सांगितलं की मामा आता वाळकं-हिरवं सगळं छाटून टाकू, युरिया देऊ, जोरदार नवती काढू, आणि आंबे बहार पक्का धरू म्हणजे टँकरचे पैसे निघतील. बाग अशी फुटली की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. २०१४ ला फळंसुद्धा आली, बारीक होती पण आली. दिवाळीनंतर एकेक झाड पिवळं पडायला लागलं आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निम्मी बाग गेली. मामा मला एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र एक मेलेलं आणि एक जगलेलं झाड खणलं, मुळ्या कापल्या, त्यावर मेडिकलमधलं टिंक्चर आयोडीन टाकलं. जगलेल्याची मुळी निळी-काळी झाली, मेलेल्याची पिवळीच राहिली, पिठाचा कणसुद्धा नव्हता. त्या दिवशी मला कळलं मी काय सल्ला दिला होता.

नवती फुकट येत नाही हो. पान निम्मं-शिम्मं उघडेपर्यंत ते घेणारं असतं, देणारं नसतं. अख्खी बाग एकदम फुटते म्हणजे हजारो तोंडं एकदम पंगतीला बसली. हिरव्या फांद्या छाटल्या म्हणजे कमावती पानं आणि फांदीतला साठा दोन्ही बांधावर फेकलं. मोसंबी पळसासारखी नाही हे लक्षात घ्या. पळस, सालई, आपल्या बालाघाटातली सीताफळं, ही झाडं पान टाकायच्या आधी त्यातला माल काढून घेतात आणि मग निवांत उघडी राहतात, पळस तर पानाशिवाय शिमग्याला फुलतो तो साठ्यावरच. कडुलिंब भर चैत्रात कोवळा पाला काढतो, कारण त्याचं मूळ खोल आणि पेव भरलेलं. मोसंबी सदाहरित, मुळासोबत तिचा बराच साठा पानातही असतो, आणि दुष्काळात ती पानं नाइलाजानं हिरवी असतानाच गळतात, मालासकट.

त्यावर फळं. झाडात साखर वाटायची वेळ आली की फळ पहिल्या पंगतीला आणि मूळ सगळ्यात शेवटी. मुळात आपल्याकडं मोसंबीच्या खाणाऱ्या मुळ्या वरच्या दीड-दोन फुटातच असतात, दुष्काळात त्याच मेलेल्या असतात, आणि पावसानंतर झाडाला सगळ्यात आधी त्या परत करायच्या असतात. फळांनी ताट ओढून घेतलं की मुळीला घास जात नाही, मुळी होत नाही, पाणी-खत वर चढत नाही, पान पिवळं, कमाई कमी, असा फास बसत जातो. फ्लोरिडात मरकॉट नावाच्या संत्र्यात हे उघड बघितलंय, एका वर्षी फळ अति लागलं की मुळातलं पीठ संपतं आणि झाडच्या झाड कोसळतं, तेही दुष्काळ नसताना. आपण तर दुष्काळातून उठलेल्या झाडावर तेवढंच ओझं टाकतो.

आता तुमच्या चाळीस झाडांकडे येऊ. आधी एक खात्री करा, ही झाडं बागेच्या सखल बाजूला एकत्र आहेत का सगळीकडे विखुरलीत. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडं पावसानं जो कहर केला त्यात पाणी साचून मूळकूज झालेल्या बागा खूप आहेत. सखल भागातलीच असतील, बुंध्याला डिंक असेल, मुळीची साल बोटानं ओढल्यावर मोज्यासारखी निघत असेल आणि घाण वास येत असेल, तर ती बुरशी आहे, चर काढून पाणी बाहेर घालवा, बुंधा खरवडून बोर्डो पेस्ट लावा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. उपाशी झाडाला ही बुरशी लवकर धरते, त्यामुळे दोन्ही एकदम असायची शक्यता पण आहे.

विखुरलेली असतील आणि ज्यांना सगळ्यात जास्त फळ होतं तीच वाळत असतील, तर आयोडीनची परीक्षा करा. झाडापासून तीन फुटावर खणून पेन्सिलएवढी जाड मुळी घ्या, धारदार कैचीनं सरळ कापा, कापलेल्या तोंडावर आयोडीनचे दोन थेंब, पाच मिनिटं थांबा. शेजारच्या चांगल्या झाडाची मुळी सोबत ठेवा म्हणजे तुलना होते. पण हे भर उन्हाळ्यात ताणलेल्या झाडावर करू नका, तेव्हा पीठ फोडून साखर झालेली असते आणि आयोडीन फक्त पीठ दाखवतं, साखर दाखवत नाही, उगाच घाबराल. पाणी चालू असताना, ताणाच्या आधी करायचं.

ज्यांची मुळी पिवळी निघेल त्यांचा या वर्षी बहार धरायचा नाही. मला माहितीय हे सांगणं सोपं आणि ऐकणं अवघड आहे, कर्जाचा हप्ता थांबत नाही. पण वर्षाचं उत्पन्न आणि झाड यात निवडायचं असेल तर झाड निवडा, मामांच्या बागेनंतर मी दुसरा सल्ला कोणाला देत नाही. ताण देऊ नका, हलकं पाणी चालू ठेवा, थंडीनं थोडी फुलं येतीलच, फळं वाटाण्याएवढी झाली की हातानं काढून टाका. फक्त मेलेलं लाकूड कापा, हिरव्याला कैची लावू नका. युरियाचा मोठा डोस नको, तो परत नवती काढेल. चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडं थोडं खत ठिबकमधून. आळ्यात सोयाबीनचं भुसकट नाहीतर तुरकाट्या पसरा, चार-सहा इंच, बुंध्याला चिकटू देऊ नका. पानं जितकी टिकतील तितकी टिकवा, नागअळी, कोळी यांच्याकडे लक्ष ठेवा, कारण आता पान म्हणजेच कमाई.

पाणी किती, तर हातभर खणून मातीचा लाडू करून बघा, लाडू होतोय तोवर पाणी नको. मुळी नसलेल्या झाडाला पाणी पाजलं तर ते पाणी पीत नाही, नुसतं त्यात सडतं.

तुम्ही गुळाचं पाणी सोडायचं का विचारलंय. गूळ मुळाला घातला तर तो झाडाच्या आधी मातीतले जिवाणू खाऊन टाकतात, जीवामृतात गूळ असतो तो त्यांच्यासाठीच असतो. त्याचा मातीला फायदा आहे, जरूर करा, पण त्यानं पेव भरेल असं समजू नका. झाड साखर पानातूनच कमावतं, दुसरा रस्ता नाही.

आणि पुढच्या दुष्काळाचं आत्ताच ठरवून ठेवा. ऑगस्टचा पाऊस दगा देतोय असं दिसलं की त्याच महिन्यात झाडावरची निम्मी फळं उतरवा, मे महिन्यात नाही. पाणी ३०० झाडांना पुरणार नसेल तर सगळ्यांना अर्धपोटी ठेवण्यापेक्षा मुळात भरलेली दीडशे निवडा आणि त्यांना नीट द्या, बाकीच्यांवर मन घट्ट करा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा माणसाला प्यायला पाणी नव्हतं, बागेला कुठून मिळणार, अशी वेळ परत येऊ शकते. फेब्रुवारीपासून केओलिनची, म्हणजे बारीक पांढऱ्या मातीची, फवारणी घेतली तर पानाचा ताप कमी होतो, पाण्याचा खर्चही थोडा उतरतो.

बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे, मुळीचा नमुना आणि पानं घेऊन एकदा तिथं दाखवून या, बुरशी आहे का नाही ते डोळ्यानं ठरवण्यापेक्षा तपासलेलं बरं. वाळलेली झाडं काढली की त्या खड्ड्यात लगेच नवं कलम लावू नका, खड्डा उन्हाळाभर उघडा तापू द्या. आणि आयोडीनच्या मुळ्यांचे फोटो काढले तर पाठवा, चांगल्या झाडाची आणि वाळत्या झाडाची शेजारी शेजारी ठेवून, उजेडात.